हिशेबाची वही देवाची नव्हे

ऐरोलीहून एका वाचक भगिनीचं लांबलचक पत्र आलं आहे. ओळख पटेल असं काही न ठेवता त्याचा गोषवारा देते.

वय 38. माहेर नगर जिल्ह्यातलं, तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती. वडील मंडळीच्या पंचकमिटीवर होते, शिस्तीला कडक. घरात चुकांची एक वही असे आणि रविवारी उपासनेहून आल्यावर ती वाचली जाई. वचन पाठ नसेल तर ताट उशिरा मिळे. लग्नानंतरही बाईंनी संडे स्कूल शिकवलं, कोयरमध्ये गायल्या. दोन वर्षांपूर्वी घराचे हप्ते सुरू झाले आणि दशांश, म्हणजे मिळकतीचा दहावा भाग मंडळीला देणं, थांबलं. सात महिन्यांपूर्वी नऊ वर्षांच्या मुलाला टाइप 1 मधुमेह निघाला. तो आयसीयूत होता तेव्हा कोपरखैरण्याच्या प्रार्थना गटातल्या बायकांनी रोज डबे पोचवले. आता त्याच म्हणतात की दशांश अडवल्याने हे दार उघडलं, शिवाय पूर्वजांच्या पापाचा शापही असेल. तीन दिवसांची उपवास प्रार्थना ठरली आहे आणि ‘विश्वासाचं पाऊल’ म्हणून तेवढे दिवस इन्सुलिन बंद ठेवायचं आहे. नवऱ्याने साफ नकार दिल्यापासून घरात बोलणं बंद आहे. मागच्या आठवड्यात सुई टोचताना मुलाने विचारलं, “मम्मी, मी काय केलं म्हणून येशू मला रोज टोचतो?” त्या रात्रीपासून बाईंना प्रार्थना करता येत नाही. डोळे मिटले की वही दिसते. त्या विचारतात: ही देवाची शिक्षा आहे का? इन्सुलिन चालू ठेवलं तर माझा विश्वास कमी ठरेल का? आणि मुलाला काय सांगू?

*

मला मावशी म्हणून हाक मारली आहेस, म्हणून मीही तुला ‘तू’च म्हणते.

तुझ्या प्रश्नांचा क्रम मी बदलते आहे. उपवासाची तारीख तू पत्रात लिहिली आहेस आणि ती जवळ आली आहे.

इन्सुलिन थांबवू नकोस. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय एक डोसही चुकवायचा नाही, मग तीन दिवसांचं तर नावच नको. या आजारात शरीराची प्रतिकारशक्तीच चुकून स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकते. तुझ्या मुलाच्या शरीरात आता ते बनत नाही, किंवा नावापुरतंच बनतं. बाहेरून दिलं नाही तर साखर रक्तात साठत जाते, शरीर चरबी जाळायला लागतं आणि रक्तात आम्ल वाढतं. डॉक्टर याला डीकेए म्हणतात. सारखी तहान, उलट्या, पोटदुखी, धापा टाकल्यासारखा खोल श्वास, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास, ही त्याची लक्षणं. हे व्हायला आठवडा लागत नाही. एक-दोन दिवस पुरतात, आणि त्यात मूल दगावू शकतं. यातलं काही दिसलं तर प्रार्थना रिक्षात बसून करायची, हॉस्पिटलच्या वाटेवर. मुलाला उपवासही नको, त्याचं खाणं आणि त्याचा डोस एकमेकांना बांधलेले असतात.

आणखी एक. हा आजार चॉकलेटं खाल्ल्याने होत नाही. गरोदरपणी तू काही चुकवलंस म्हणूनही झालेला नाही. पत्रात कुठे तसं लिहिलं नाहीस, पण आईच्या मनात ते येतंच.

आता विश्वासाचं बोलू. औषध घेतलं की विश्वास कमी, हे त्या गटाने कुठून घेतलं मला माहीत नाही. पवित्र शास्त्रातून नक्कीच नाही. यशयाच्या 38व्या अध्यायात हिज्कीया राजा मरणाला टेकलेला आहे. तो भिंतीकडे तोंड करून रडला, देवाने त्याचं ऐकलं आणि 15 वर्षं आयुष्य वाढवून दिलं. मग यशया संदेष्टा काय म्हणतो? अंजिरांचा लेप करून गळवावर लावा. ज्या देवाने 15 वर्षं दिली, त्याच देवाच्या माणसाने अंजिरं ठेचायला लावली. तिथे कुणी राजाला म्हटलं नाही की लेप लावलास म्हणजे तुझा विश्वास लटका. प्रेषित पौलाने शरीरातला काटा, म्हणजे त्याचं एक दुखणं, निघावा म्हणून तीन वेळा विनवणी केली, काटा निघाला नाही. ‘माझी कृपा तुला पुरेशी आहे’ एवढंच उत्तर मिळालं. पौलाचा विश्वास तोकडा होता असं तुझ्या गटातली कुणी बाई म्हणेल का?

फ्रिजच्या दारात ती छोटी बाटली किंवा पेन असेल ना, ती एकदा हातात घेऊन बघ. 1922च्या जानेवारीत टोरांटोमध्ये लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या 14 वर्षांच्या मुलाला हे औषध पहिल्यांदा दिलं गेलं. त्याआधी असा आजार झालेल्या मुलांना जवळजवळ उपाशी ठेवत, म्हणजे मरण काही महिने लांबावं. लिओनार्ड त्यानंतर 13 वर्षं जगला. ज्यांनी ते शोधलं त्यांनी हक्क टोरांटो विद्यापीठाला एकेका डॉलरला देऊन टाकले. मला विचारशील तर देवाचा स्वभाव कसा आहे हे मला त्या बाटलीत दिसतं. शंभर वर्षांपूर्वीच्या किती आयांनी याच एका गोष्टीसाठी गुडघे टेकले असतील! त्यांच्या प्रार्थनेचं उत्तर तुझ्या फ्रिजमध्ये आहे. विश्वासाच्या नावाखाली ते परत करायचं नसतं.

त्या बायका दुष्ट नाहीत. तुला डबे देणारेही तेच हात होते. त्या घाबरल्या आहेत. लहान मुलाला विनाकारण असं काही होतं, हे सहन होत नाही म्हणून माणूस कारण शोधतो. कारण सापडलं की वाटतं, आपण ती चूक केली नाही, म्हणजे आपलं मूल सुरक्षित. ‘कुणाचं तरी पाप भोवलं’ हे वाक्य आपल्याकडे वेदीसमोरच्या घरात ऐकू येतं आणि देव्हाऱ्यासमोरच्या घरातही. येशूच्या शिष्यांच्या तोंडीही तेच होतं. जन्मापासून आंधळा असलेला माणूस दिसल्याबरोबर त्यांनी विचारलं, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशू म्हणाला, याचंही नाही आणि आईबापांचंही नाही. योहानाचा नववा अध्याय उघड आणि ती ओळ पेन्सिलीने अधोरेखित कर. तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे, आणि ते माझं नाही.

लूकच्या 13व्या अध्यायात तो पुन्हा तेच सांगतो. शिलोहाचा बुरूज कोसळून 18 माणसं मेली होती. ती बाकी यरुशलेमकरांपेक्षा जास्त पापी होती असं वाटतं का तुम्हाला? नाही, असं मी सांगतो, असं येशू म्हणतो. पश्चात्तापाबद्दल तो पुढे बोलतो, पण ते ऐकणाऱ्या सगळ्यांना उद्देशून. मेलेल्यांच्या अंगावर दोष टाकून नाही.

पूर्वजांच्या शापाचंही बघू, कारण त्याला ‘वचन’ दाखवतात. निर्गमच्या 20व्या अध्यायात तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंतचा उल्लेख आहे, खरं आहे. पण तिथेच थांबतात सगळे. लगेच पुढच्या ओळीत हजारोंवर दया करण्याचं म्हटलं आहे. तीन-चार एका बाजूला आणि हजारो दुसऱ्या बाजूला, यात देवाचा कल कुठे आहे ते लहान मुलालाही कळेल. पुढे इस्राएलात म्हणच पडली की बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि मुलांचे दात आंबले. यहेज्केलाच्या 18व्या अध्यायात देव म्हणतो, ही म्हण यापुढे तुमच्या तोंडी नको. मुलगा बापाच्या पापाचा भार वाहणार नाही. अख्खा अध्याय त्यावर आहे. तुला गटात वाचायला सांगितलं तर हा वाच.

तरीही मनाला पटत नसेल तर पंडिता रमाबाईंचं आयुष्य डोळ्यांसमोर आण. दुष्काळात आईबाप गेले. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती तेव्हा नवरा गेला. केडगावला त्यांनी विधवा आणि दुष्काळग्रस्त मुलींना उराशी धरलं, स्वतःजवळ काही ठेवलं नाही. आणि 1921 साली एकुलती एक मुलगी मनोरमा त्यांच्या आधी गेली. वर्षाच्या आत, 1922च्या एप्रिलमध्ये, त्याही गेल्या. रमाबाईंनी कुठला दशांश अडवला होता? मी ठाण्यात राहते. याच गावात 1321 साली चार फ्रान्सिस्कन धर्मबंधू ठार मारले गेले. देवाने त्यांना टाकलं असं चर्च सातशे वर्षांत एकदाही म्हणालं नाही. त्यांना हुतात्मे म्हणतात.

दशांशावर मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण त्याने तुला सगळ्यात खोल टोचलं आहे. दशांश न देणं म्हणजे देवाला लुबाडणं, हे मलाखीचं वचन तुला ऐकवलं गेलं असणार. पण दशांश जायचा कुठे, हे बायबलच्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या 14व्या अध्यायात आहे. दर तिसऱ्या वर्षी तो गावातच साठवायचा, लेवी (उपासनेची सेवा करणारे), परका, अनाथ आणि विधवा यांनी पोटभर जेवावं म्हणून. बापाविना राहिलेल्या पोरांच्या मुखात घास पडावा ही ज्याची तळमळ, तो दशांश थकला म्हणून एका पोराचं स्वादुपिंड निकामी करेल? हे गणित देवाच्या तोंडी घालणाऱ्याने त्याला नीट पाहिलेलं नाही. पौल करिंथकरांना लिहितो की मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, कष्टी होऊन किंवा जबरदस्तीने नको. तुझ्या घरी आज ग्लुकोमीटरच्या पट्ट्या, सुया, इन्सुलिन आणि घराचा हप्ता आहे. जमेल तेव्हा जमेल तेवढं दे, शंभर रुपये दे, आनंदाने दे. पण मुलाच्या बरं होण्याचा आगाऊ हप्ता म्हणून एक रुपयाही देऊ नकोस.

आता वहीकडे येते.

तुझ्या वडिलांना मी ओळखत नाही आणि त्यांना दोष द्यायला मी बसलेली नाही. ती पिढी तशी होती. मंडळीत नाव राखायचं, पोरं वाकडी जाऊ नयेत, यासाठी काठी आणि वचन एकाच हातात धरायची. पण तुझ्या बाबतीत काय झालं असेल ते मला दिसतं. देवाला ‘पिता’ म्हणायला शिकलीस तेव्हा तुझ्याजवळ पित्याचा एकच चेहरा होता. तो चेहरा तू वर नेऊन बसवलास. येशूवर तुझं प्रेम आहे, गाण्यांत तो आहे, पण त्याच्या मागे आभाळात चष्मा लावून वही घेऊन कुणीतरी बसलंय, आणि येशू मधे पडून कसंबसं आपल्याला वाचवतोय. बरोबर ना? असं वाटणारी तू एकटी नाहीस, उपासनेत पुढच्या बाकांवर बसणाऱ्या किती जणांच्या मनात हे असतं. येशूचा शिष्य फिलिप्प, त्याच्याही होतं. “आम्हाला पिता दाखव,” असं तो म्हणाला तेव्हा येशूने उत्तर दिलं, ज्याने मला पाहिलं त्याने पित्याला पाहिलं आहे. मागे दुसरं कुणी बसलेलं नाही. कुष्ठरोग्याला हात लावणारा, पोरांना मांडीवर घेणारा, तोच पित्याचा चेहरा आहे.

संडे स्कूलमध्ये उधळ्या पुत्राची गोष्ट, बापाचा पैसा उडवून घरी परतलेल्या धाकट्या मुलाची, तू कितीदा सांगितली असशील. ती परत वाच, पण धाकट्यासाठी नको वाचूस. तू धाकटी नाहीसच. तू घर सोडून कुठे गेली नाहीस, डुकरं राखली नाहीस. तू थोरला मुलगा आहेस. तो शेतातून येतो, गाणंबजावणं ऐकतो आणि दारातच अडून बसतो. बापाला म्हणतो, इतकी वर्षं तुमची चाकरी केली, एक करडूसुद्धा दिलं नाहीत. तो शब्द बघ, चाकरी. बापाच्या घरात राहून तो नोकर म्हणून जगला, मनात वही ठेवून. तुझी कोयरची वर्षं, संडे स्कूलची वर्षं, आणि मग मुलाचा रिपोर्ट हातात आल्यावर पोटात उठलेला तो प्रश्न: एवढं केलं, आणि मला हे? हा प्रश्न पाप नाही. पण तो चाकराचा प्रश्न आहे, आणि तू लेक आहेस.

आणि त्या गोष्टीतला बाप काय करतो? धाकटा दुरून दिसला तेव्हा तो धावत बाहेर गेला होता. पोराने वाटेत भाषण पाठ केलं होतं, मला मोलकऱ्यासारखं ठेवा असं शेवटचं वाक्य होतं. बापाने ते वाक्य म्हणूच दिलं नाही, मधेच अंगरखा मागवला. आता थोरला रुसला तर पाहुण्यांनी भरलेली पंगत सोडून तो परत बाहेर येतो आणि त्याची समजूत घालतो. बाळा, तू नेहमी माझ्याजवळ आहेस, माझं आहे ते सगळं तुझंच आहे. एका दिवसात बाप दोनदा घराबाहेर आला. वही उघडली नाही. धाकट्याने पैसे किती उडवले तेही विचारलं नाही.

‘मग देवाला राग येतच नाही का?’ असं तुझ्या गटात कुणी विचारेल. येतो. येशू रागावलेला मार्काच्या शुभवर्तमानात सापडतो, दहाव्या अध्यायात. लोक मुलांना त्याच्याकडे आणत होते आणि शिष्य त्यांना दटावत होते, तेव्हा. मुलांना त्याच्यापासून अडवणाऱ्यांवर त्याचा राग निघाला. ज्या मुलाला वाटतं की येशू मला टोचतो, त्याला येशूपासून कुणी अडवलंय, याचा विचार त्या सगळ्या जणींनी करायला हवा. शिक्षेबद्दल इब्री लोकांना लिहिलेल्या पत्रातली ‘प्रभू ज्याच्यावर प्रीती करतो त्याला शिस्त लावतो’ ही ओळही काढतील. ते पत्र विश्वासासाठी छळ सोसणाऱ्या मोठ्या माणसांना धीर द्यायला लिहिलं आहे. नऊ वर्षांच्या पोराच्या रक्तातली साखर त्यात कुठे बसत नाही.

माझंही एक सांगते. मी आठ वर्षांची असताना माझा धाकटा भाऊ तापाने गेला. आमच्या गावातली एक आत्या आईच्या पाठीवर हात फिरवत म्हणाली, “देवाला फूल आवडलं, त्याने खुडून नेलं.” तिने मायेने म्हटलं होतं. पण त्या वर्षापासून ईस्टरला वेदीवर फुलं लावायला मी कधी गेले नाही. आपल्यालाही तो खुडेल, अशी भीती वाटे. देवाबद्दलच्या चुकीच्या समजुती नेहमी कडकच असतात असं नाही, काही गोड शब्दांतही येतात, आणि त्या निघायला जास्त वर्षं लागतात. दुसऱ्या दिवशी पाळकसाहेब आले. ते काहीच बोलले नाहीत. आईच्या पुढ्यातलं सूप ओढून घेतलं आणि बाजरी निवडायला बसले. खडे काढत होते आणि डोळ्यांतलं पाणी बाजरीत पडत होतं. निघताना म्हणाले, “वहिनी, मला कारण माहीत नाही.” मित्र लाजराच्या कबरेपाशी ‘येशू रडला’ हे वाचलं की मला अजून ते सूप दिसतं. माझा देव मला तिथे सापडला.

प्रार्थना होत नाही म्हणतेस. मग नको करूस, म्हणजे आपल्या शब्दांनी नको करूस. 13वं स्तोत्र वाच. ‘हे परमेश्वरा, कुठवर?’ अशी त्याची सुरुवात आहे. 88वं तर अंधारातच संपतं, शेवटी एक आशेची ओळसुद्धा नाही, आणि तरी ते पवित्र शास्त्रात ठेवलं आहे. देवावर चिडून बोलायला बंदी असती तर ही पानं तिथे नसती. मुलंबाळं, धन, तब्येत सगळं गमावलेल्या ईयोबाच्या गोष्टीत शेवटी देव रागावतो तो ईयोबावर नव्हे, तुझं काहीतरी चुकलं असेल असं सांगत बसलेल्या त्याच्या मित्रांवर. आपल्याकडे रेव्हरंड टिळकांनी ख्रिस्ताला आई म्हणून, गुरू म्हणून हाक मारली. ‘पिता’ म्हणताना वही दिसत असेल तर काही दिवस तूही आई म्हण. यशयात देव स्वतःच म्हणतो की आई मुलाचं सांत्वन करते तसं मी तुमचं करीन.

महिना झाला तरी झोप येत नसेल, छाती धडधडत असेल, तर ते अंगावर काढू नकोस. सरकारच्या टेलिमानस या सेवेचा 14416 हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं. मधुमेह झालेल्या मुलांच्या आयांना थकवा येतो, रात्री दोनला उठून साखर तपासणं सोपं नसतं. नवऱ्याला ती दोनची पाळी वाटून दे. त्याने नकार दिला त्याला तू अविश्वास म्हणते आहेस. मला वाटतं त्या दिवशी मुलासाठी दारात उभा राहिला तो तोच. आज संध्याकाळी त्याला एवढंच सांग, “इन्सुलिन चालू राहील, तू बरोबर होतास.” बाकीचं बोलणं आपोआप सुरू होईल.

मग तुम्ही दोघं मिळून तुमच्या पाळकांना भेटा. गटात औषध थांबवायला सांगितलं जातंय, हे त्यांच्या कानावर घालणं तुझं काम आहे, कारण उद्या त्याच गटात कुणाची तरी फिट्सची गोळी असेल, कुणाची टीबीची. त्यांनी मंडळीसमोर स्पष्ट सांगावं अशी विनंती कर. समजा त्यांनीही इन्सुलिन थांबवायलाच सांगितलं, तर ती जागा सोड. देव सुटत नाही. ठाण्यात, ऐरोलीत, वाशीत दुसऱ्या मंडळ्या आहेत.

आणि मुलगा. त्याला आजच सांग, उद्यावर टाकू नकोस. सोप्या शब्दांत: येशू तुला टोचत नाही. सुई मम्मी टोचते, कारण तुझ्या पोटात इन्सुलिन बनवणारा छोटा कारखाना बंद पडलाय आणि त्याचं काम या सुईने होतं. तू काही वाईट केलेलं नाहीस. तुला दुखतं ते येशूला कळतं. तो विचारेल, मग येशू कारखाना चालू का करत नाही? तेव्हा “मला माहीत नाही, मीही त्याला हेच विचारते,” असं म्हण. खोटं कारण बनवून देऊ नकोस. पुढच्या खेपेला साखर तपासताना बोट त्याला निवडू दे, टोचण्याआधी एक-दोन-तीन त्यालाच म्हणू दे. शाळेत वर्गशिक्षिकेला चिठ्ठी दे, दप्तरात ग्लुकोजची पुडी ठेव, साखर उतरली की थरथर होते, घाम येतो, तेव्हा काय करायचं ते त्याच्या बाकावरच्या मित्रालाही सांगून ठेव.

खोटं बोलला की “येशू बघतोय हं” असं तू त्याला म्हणतेस, हे तू पत्राच्या शेवटी ओझरतं लिहिलं आहेस. ते बंद कर. मात्र येशू बघतो हे त्याच्यापासून काढून घेऊ नकोस, त्याला हागारची गोष्ट सांग. उत्पत्तीच्या 16व्या अध्यायात ती मालकिणीच्या जाचाला कंटाळून रानात पळाली होती. तिथे तिने देवाला नाव दिलं, मला पाहणारा देव. दासी, परकी, एकटी, आणि तिला वाटलं काय, तर माझ्याकडे कुणाचं तरी लक्ष आहे. 21व्या अध्यायात ती पुन्हा रानात आहे, बरोबर मुलगा. मसकेतलं पाणी संपलं. मुलाचं मरण डोळ्यांनी बघवणार नाही म्हणून त्याला झुडपाखाली ठेवून ती दूर जाऊन बसली आणि रडू लागली. देवाने मुलाचा आवाज ऐकला, असं तिथे लिहिलंय. मग तिचे डोळे उघडले आणि तिला विहीर दिसली. ती उठली, मसक भरली आणि मुलाला पाजली. मसक देवाने भरली नाही हं, ती आईने भरली.

ही गोष्ट त्याला रात्रीचं इन्सुलिन देताना सांग. शुक्रवारी त्या बायका येतील तेव्हा दार उघड, चहा ठेव, प्रार्थना करू दे, तूही बस. त्यांनी विचारलं तर फ्रिजकडे बोट दाखव आणि म्हण, “विहीर तिकडे आहे.” आठची वेळ झाली की उठ आणि मुलाला डोस दे, त्यांच्यासमोर दिलास तरी चालेल. मग काय झालं ते मला लिही.